देव पहिला, मग घर कितवं?

"नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाला. आता तो आमचा राहील का?" हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे सल्ल्याला वारंवार येतात. कधी बायको विचारते, कधी आई. या वेळी नगरजवळच्या गावातली एक बाई आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा एमआयडीसीत कामाला, दारूचं व्यसन जुनं. सोबतच्या कामगाराबरोबर प्रार्थनेला जाऊ लागला, दारू सुटली, पुढे बाप्तिस्मा घेतला.

देवाधर्माबद्दल ती फारसं बोललीच नाही. म्हणाली, "ताई, आधी प्यायला बसायचा म्हणून रात्री दहाला यायचा. आता प्रार्थना असते म्हणून दहाला येतो. पगारातला दहावा हिस्सा मंडळीत, म्हणजे चर्चला जातो, आणि किराणावाल्यासमोर मान खाली घालून उभी राहते मी."

पुढच्या वेळी नवरा आला. थोडा घुश्शातच. "प्रभूला पहिलं स्थान द्यायचं नाही का?" द्यायचंच. मी स्वतः त्याच विश्वासाने जगते, म्हणून त्याच्या पुढ्यात पवित्र शास्त्रच, म्हणजे बायबल ठेवलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू कुणाला खडसावतो? आईबापांच्या वाट्याचं 'देवाला वाहिलं' म्हणून हात झटकणाऱ्यांना. लूकच्या एकोणिसाव्यात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू घरी आला त्या दिवशी त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं ठरवलं. मग 1 तीमथ्य 5:8 त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितलं. जो घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. वाचता वाचता तो थांबला. बराच वेळ बोललाच नाही.

मग कागद घेतला आणि देणी लिहून काढली. किराण्याची वही, मुलीची फी, दारूच्या दिवसांत मेहुण्याकडून उचललेले अठरा हजार. मेहुण्याचं नाव त्याने स्वतःहून सांगितलं. बायको चमकून त्याच्याकडे बघू लागली, कारण हे पैसे तो कबूल करेल असं तिला वाटलंच नव्हतं. त्याच्या परवानगीने मी त्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलले. आधी देणी फेड, असं त्यांनीही त्याला सांगितलं.

संध्याकाळचा प्रश्न इतका सोपा नव्हता. सगळ्या प्रार्थना बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नव्हते. दारू सोडलेल्या माणसाला सातच्या सुमाराची वेळ खायला उठते. जुने मित्र फोन करतात, पाय आपोआप तिकडे वळतात. त्या वेळी चार माणसं शेजारी बसून गाणी म्हणतात, याचा त्याला केवढा आधार होता, हे बायकोला ठाऊकच नव्हतं. त्यानेही तिला कधी सांगितलं नव्हतं. शेवटी आठवड्यातल्या दोन प्रार्थना आणि रविवारची उपासना राहिली. उरलेल्या संध्याकाळी तो घरी असतो आणि मुलीचं गणित घेतो.

"आता मलाही बदलायला लावतील का?" ही तिची खरी भीती होती. तिला मी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांबद्दल सांगितलं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जबर धक्का बसला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, स्वतःला पटल्यावर. आणि विश्वास नसलेली बायको सोबत राहायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये, हे पौलाने करिंथकरांना स्पष्टच लिहिलं आहे. हे मी त्याच्यासमोरच वाचलं. घरात जबरदस्ती होणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला.

सासूबाईंचं मात्र अडलंय. सत्यनारायणाच्या दिवशी त्याने प्रसादाची वाटी बाजूला सारली, तेही पाहुण्यांदेखत. प्रसाद घ्यायचा नाही हा त्याचा विवेक, तो मी मोडायला सांगणार नाही. पण हात जोडून "आई, मला नको" म्हणता आलं असतं. पाहुण्यांना पाणी द्यायला, पंगतीची भांडी उचलायला कोणत्या वचनाने मनाई केली आहे? पुढच्या पूजेला ही कामं आपण करू, असं तो म्हणतो. सासूबाईंना अजून खरं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात त्या एकट्या येणार आहेत. त्यांचं मला आधी मनसोक्त ऐकून घ्यायचं आहे.