गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगांवरून पोटातल्या बाळाबद्दल कितपत सांगता येतं?

तुमचा प्रश्न असा, की आईला दिलेल्या औषधाने बाळाच्या रक्ताभिसरणाचं काय होतं हे मेंढीवर तपासलं, तर ते माणसाला लागू पडतं का? मी भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनच्या भुलेत याच प्रश्नाने आम्हाला बरीच वर्षं चकवलं, म्हणून तीच गोष्ट सांगते.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली की आईचं बीपी उतरतं. गर्भाशयाचा रक्तपुरवठा बीपीवरच अवलंबून असल्यामुळे बाळालाही झळ पोचते. मग बीपी चढवायला कोणतं औषध द्यायचं? 1974 मध्ये राल्स्टन आणि सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांवर प्रयोग केले. एफेड्रिनने गर्भाशयाचा रक्तप्रवाह टिकला, मेथॉक्सामिनसारख्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधांनी तो घटला. झालं, पुढची कित्येक वर्षं जगभर एफेड्रिनच पहिली पसंती.

पुढे सिझेरियनच्या बायकांवरच चाचण्या झाल्या आणि जन्मताच नाळेतलं रक्त तपासलं, तर एफेड्रिनच्या बाळांमध्ये आम्लता जास्त! फेनिलेफ्रिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाची बाळं त्या मानाने चांगली. 2009 मध्ये हाँगकाँगच्या न्गान की यांच्या गटाने कारण पुढे आणलं: एफेड्रिन वार (प्लॅसेंटा) सहज ओलांडतं. बाळाच्या रक्तात ते जवळजवळ आईइतकंच सापडलं, फेनिलेफ्रिन मात्र साधारण सहाव्या हिश्श्याइतकं. बाळात पोचलेलं एफेड्रिन त्याचा चयापचय वाढवतं आणि आम्ल साचतं.

मेंढ्यांमधले आकडे खोटे नव्हते. पण त्या मेंढ्यांना भूल दिलेली नव्हती, त्यांचं बीपी उतरलेलंच नव्हतं. शिवाय मेंढीच्या वारेत आई आणि पिलू यांच्या रक्तामध्ये माणसापेक्षा जास्त थर असतात. आणि गर्भाशयाकडे रक्त किती जातं यावरून बाळ कसं आहे हे ठरवणं, ही तर मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

उलट उदाहरणही आहे. पोटातल्या बाळात फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी डक्टस नावाची वाहिनी असते, शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तिला उघडी ठेवतं. प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाने ती आवळते, हे कोकरांत आणि उंदरांत आधी दिसलं. 1988 मध्ये मानवी गर्भाच्या सोनोग्राफीतही तेच दिसलं. इथे प्राण्यांनी अगदी खरं सांगितलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही त्याच जातीची. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर ही औषधं टाळायला सांगितलं, त्यात बाळाच्या मूत्रपिंडांचीही काळजी होती. डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन त्यात येत नाही, ती हे वाचून कृपया बंद करू नका.