परदेशात खड्यांच्या खरेदीत फसवणूक झाली. पैसे परत मिळतील का?

प्रश्न : आम्ही उभयता गेल्या महिन्यात येथील एका प्रवासी कंपनीबरोबर थायलंडला जाऊन आलो. बँकॉकमधील मोकळ्या दिवशी आम्ही स्वतःच राजवाडा पाहण्यास निघालो. प्रवेशद्वाराच्या अलीकडे एका नीटनेटक्या पोशाखातील गृहस्थांनी, धार्मिक विधीमुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद असल्याचे सांगितले आणि अवघ्या 20 बाटमध्ये (बाट हे तेथील चलन) शहर दाखवणारी टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, थांबवून दिली. चालकाने एक बुद्धमंदिर दाखवून आम्हाला रत्नांच्या दुकानात नेले. तेथे ‘सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस’ असे सांगण्यात आल्याने आम्ही नीलमचे दोन खडे क्रेडिट कार्डावर 42,000 रुपयांना घेतले. सांगलीतील आमच्या नेहमीच्या सराफांनी पाहून सांगितले की खडे खरे आहेत, पण त्यांची एवढी किंमत कदापि नाही. शिवाय एका उपाहारगृहात बिल बाटमध्ये असताना कार्डावर रुपयांत बरीच जास्त रक्कम लागली. बँकेचे म्हणणे असे की पिन आपणच टाकला, तेव्हा आता काही करता येणार नाही. मुलगा म्हणतो, विषय सोडून द्या. आम्ही काय करावे? प्रवासी कंपनीला जबाबदार धरता येईल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : विषय सोडून देऊ नका. अशा प्रसंगांत लोक चारचौघांत हसे होईल या भीतीने गप्प बसतात आणि तक्रारीची मुदत निघून जाते. आपल्याला जे सांगण्यात आले ते बँकॉकमध्ये अनेक वर्षे पर्यटकांना जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले जात आहे. राजवाडा बंद असल्याची बतावणी, नाममात्र भाड्याची टुकटुक, मध्ये एखादे मंदिर आणि शेवटी सवलतीचा अखेरचा दिवस, असा हा ठरलेला क्रम असून, गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला दुकानाकडून दलाली किंवा इंधनाचे कूपन मिळते. थायलंड सरकारचे रत्नविक्रीचे कोणतेही दुकान नाही. राजवाडा एरवी सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटे मिळतात. राजघराण्याच्या एखाद्या समारंभासाठी तो क्वचित बंद असतो, पण ते खिडकीवरच विचारावे, रस्त्यावरच्या माणसाला नव्हे.

आता बँकेच्या उत्तराकडे वळू, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी संरक्षण आहे. त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याचे दायित्व शून्य राहते. आपण पिन स्वतः टाकला असल्याने हे संरक्षण आपल्याला लागू होत नाही, एवढ्यापुरते बँकेचे म्हणणे बरोबर आहे. पण तेवढ्याने विषय संपत नाही. कार्ड कंपन्यांच्या नियमांत चार्जबॅक नावाची, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याची, स्वतंत्र सोय असून, विकलेली वस्तू विक्रेत्याने केलेल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर ग्राहकाने स्वतः मान्य केलेल्या व्यवहारावरही तिच्याखाली हरकत घेता येते. मुदत साधारणपणे 120 दिवसांची असते, म्हणजे आपल्या हातात अजून वेळ आहे. तरीही याच आठवड्यात अर्ज द्यावा.

अर्जात ‘आमची फसवणूक झाली’ असे मोघम लिहू नये. महाग विकले एवढ्यावर चार्जबॅक मिळत नाही. दुकानाने केलेले कोणते विधान खोटे ठरले, ते दाखवावे लागते. दुकानाने दिलेले प्रमाणपत्र पुन्हा नीट वाचा. अशा कागदांवर बहुधा वजन आणि रंग लिहिलेला असतो, मात्र खड्याला उष्णता देऊन रंग खुलवला आहे का, याचा उल्लेख नसतो आणि प्रमाणपत्र देणारेही दुकानाचेच असतात. म्हणून सराफांच्या तोंडी मतावर न थांबता रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा लेखी अहवाल घ्या. त्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागले तरी जा. दुकानाला ईमेल करून खडे परत घेण्याची मागणी करा आणि ती प्रत अर्जाला जोडा, कारण विक्रेत्याकडे आधी दाद मागितली होती का, हे बँक विचारते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा असमाधानकारक उत्तर दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पूर्ण रक्कम परत मिळेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. रोखीने पैसे दिले असते तर मात्र ही वाटसुद्धा उरली नसती.

उपाहारगृहातील प्रकार वेगळा आहे. परदेशातील कार्डयंत्र भारतीय कार्ड ओळखून रक्कम रुपयांत दाखवते आणि तो विनिमय दर दुकानदाराची बँक किंवा तिची सेवा कंपनी ठरवते. तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग पडतो. चलन निवडण्याचा हक्क ग्राहकाचा असतो. आपली पावती पाहा : तिच्यावर बाट आणि रुपये अशा दोन्ही रकमा, विनिमय दर आणि ‘मला चलनाचा पर्याय देण्यात आला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल. वेटरने न विचारता स्वतःच बटण दाबले असेल, तर त्यावरही हरकत नोंदवा. पुढच्या प्रवासात स्थानिक चलनच निवडावे.

प्रवासी कंपनीविषयी स्पष्टच सांगतो. मोकळ्या दिवशी आपण स्वतः निघालात, त्यामुळे सेवेतील त्रुटी सिद्ध करणे कठीण आहे आणि त्यासाठी खर्च करू नये, असे माझे मत आहे. कंपनीच्या टूर मॅनेजरनेच त्या दुकानात नेले असते, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली असती. तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा हा कायदा देतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तरीही कंपनीला घडला प्रकार लेखी कळवा. पुढच्या गटाला पहिल्याच दिवशी या टोळ्यांची कल्पना देणे तिला मुळीच अवघड नाही, आणि ती न देणाऱ्या कंपन्यांचा मला मनापासून राग येतो.

जे वाचक लवकरच तिकडे जाणार आहेत, त्यांनी थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक जवळ ठेवावा. तेथे असतानाच तक्रार केली तर पोलीस दुकानदाराशी बोलू शकतात. परतल्यावर ते फार अवघड होते. भारतीय दूतावास पासपोर्ट हरवल्यास किंवा अटक झाल्यास मदत करतो, खरेदीचे पैसे वसूल करून देणे त्याच्या कामात येत नाही.

आपल्याकडील खडे मात्र निकाल लागेपर्यंत अंगठीत बसवू नका, कोणास विकू नका. मूळ पाकिटात, पावती आणि प्रमाणपत्रासह, जसे मिळाले तसेच ठेवा. माल परत करण्याची तयारी दाखवता आली नाही, तर बँक अर्ज पुढे नेणार नाही.