डम्प 4 जीबीवरच का तुटला?

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा हिशेब उबुंटू सर्व्हरवर, मायएसक्यूएल 8.0 या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाईलमधली प्रत, निघून थेट पेनड्राइव्हवर जातो. लाईन सारखी येऊन-जाऊन हार्डडिस्क बिघडली. आता कधी दिसते, कधी नाही. नव्या मशीनवर डम्प चढवला तर शेवटी एरर येतो, बरेच टेबल येतच नाहीत. फाईल 4 जीबीची दिसते. शेतकऱ्यांचे चुकारे अडले आहेत.
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाईल 4 जीबीपुढे जात नाही. डम्प तिथेच तुटला, आणि क्रॉनने दिलेला एरर कोणी पाहिला नाही. टेबल नावाच्या क्रमाने लिहिले जातात, म्हणून इंग्रजी वर्णमालेत मागे येणारे टेबल गायब आहेत. पूर्ण डम्पच्या शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लिटेड’ असं येतं. तुमच्या फाईलमध्ये ते नसेल.

आता सगळी मदार जुन्या डिस्कवर आहे. ती पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नका आणि तिच्यावर एफएससीके (डिस्कवरच्या फाईल-रचनेतल्या चुका दुरुस्त करणारा प्रोग्राम) तर मुळीच चालवू नका, कारण ते डिस्कवर लिहितं. कटकट आवाज येत असेल तर प्लग काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसेल तर तिच्याहून मोठ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढा, मॅपफाईल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवून. मध्येच लाईन गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. इमेजमधून मायएसक्यूएलचं अख्खं डेटा फोल्डर घ्या. नुसत्या आयबीडी (टेबलांच्या) फाईली पुरत नाहीत, आयबीडेटा1 ही सामाईक फाईल आणि रिडू लॉग (ताज्या बदलांची नोंद) हेही हवेत. त्याच आवृत्तीचं मायएसक्यूएल या प्रतीवर सुरू करा. सुरू झालं नाही तर कॉन्फिग फाईलमध्ये इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी (बिघाड असतानाही इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा टेबल साठवणारा भाग, सुरू करण्याची सेटिंग) 1 पासून एकेक वाढवत न्या. 4 आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून दर वेळी नवी प्रत घ्या. सुरू होताच डम्प काढा.

पुढे डम्प आधी सर्व्हरच्याच डिस्कवर, तारखेच्या नावाने काढा. रोज एकाच नावाने लिहिलं तर तुटका डम्प कालच्या चांगल्या डम्पला खाऊन टाकतो. ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स’ हे तिन्ही पर्याय डम्पच्या कमांडला द्या. पहिल्यामुळे काटा चालू असतानाही इनोडीबी टेबल एकाच क्षणाचे येतात. डम्प थेट जीझिपला देऊन (पाइप करून) दाबून छोटा करत असाल तर बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपफेल ही सेटिंग लावा, नाहीतर डम्प फसला तरी स्क्रिप्ट यशस्वी दाखवते. शेवटची ओळ तपासल्यावरच प्रत एक्सटी4 मध्ये (लिनक्सची फॉरमॅट पद्धत) फॉरमॅट केलेल्या यूएसबी डिस्कवर न्या आणि ती डिस्क काढून ठेवा. पावसाळ्यात वीज पडली की जोडलेली डिस्कही सर्व्हरसोबतच जाते. आणखी एक प्रत जिनिंगबाहेर, मालकाच्या घरी ठेवा.

रात्रीचा डम्प असला तरी संध्याकाळी डिस्क गेली तर दिवसभराच्या काटापट्ट्या जातात. हंगामात हे परवडत नाही. 8.0 मध्ये बिनलॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, जी डम्पवर पुन्हा चढवता येते) आपोआप चालू असतो. तो दर तासाला दुसऱ्या मशीनवर न्या.

प्रश्न : डेटाबेस परत आला, पण प्रोग्राम लॉगिन घेत नाही.
— एक वाचक, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : मायएसक्यूएलचे युजर आणि परवानग्या ‘मायएसक्यूएल’ नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, तुम्ही फक्त हिशेबाचा डम्प घेतला असणार. प्रोग्रामच्या कॉन्फिग फाईलमधल्या नावाने आणि पासवर्डने युजर पुन्हा तयार करून त्याला परवानग्या द्या. यापुढे शो क्रिएट युजर आणि शो ग्रँट्स या कमांडांनी येणारा युजर-परवानग्यांचा मजकूर, पूर्ण ईटीसी फोल्डर (सर्व्हरच्या सेटिंग्ज) आणि प्रोग्रामचं फोल्डर डम्पसोबतच ठेवा. युजरचे क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांच्या याद्या) ईटीसीत नसतात, ते व्हारमधल्या स्पूल फोल्डरमधून घ्यावे लागतात.

दर महिन्याला सगळं जुन्या पीसीवर चढवून पाहा आणि शेवटच्या पावतीचा नंबर व त्या दिवसाची बेरीज वहीशी जुळवा.