फॉरमॅट मारण्याआधी: लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रश्न

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये दोन गोष्टी हमखास असतात: लाईट गेल्याची तक्रार आणि 'फॉरमॅट मारू या' हा कुणीतरी दिलेला सल्ला. या वेळच्या पाचपैकी एकाही प्रश्नाला फॉरमॅटची गरज नाही. टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मोकळ्या जागेसकट टाइप कराव्यात.

प्रश्न: आमचा घरगुती निवास आहे. ऑफिसच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. काल संध्याकाळी दोनदा लाईट गेली. आता काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' एवढंच येतं आणि कर्सर लुकलुकतो. बुकिंगची सगळी नोंद त्यातच आहे, दुसरीकडे प्रत नाही. — गुहागर

उत्तर: नोंद बहुधा शाबूत आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झालं, पण डिस्कच्या ज्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, सगळी सिस्टिम आहे ते त्याला जोडता आलं नाही, एवढाच या पडद्याचा अर्थ. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) मांडणीतल्या प्रत्येक बदलाची आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत नोंद करते, म्हणून एरवी लाईट गेली तरी पुढच्या वेळी काही सेकंदांत सगळं जागेवर येतं. कधी मात्र गोंधळ असा असतो की आपोआप चालणारी तपासणी स्वतःच्या जबाबदारीवर दुरुस्ती करत नाही. ती थांबते आणि तुम्हाला विचारते.

त्या कर्सरपाशी 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबा. मग जो मजकूर येईल तो नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मजकुरात 'यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट' असं असेल तर संगणकाला डिस्कच दिसत नाही. तिथे खाली दिलेल्या दुरुस्तीच्या आज्ञेचा उपयोग नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, डिस्कची साटा केबल आणि पॉवरची केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. समुद्राजवळच्या घरात खाऱ्या दमट हवेने कनेक्टरवर थर चढतो आणि नुसती केबल काढून घातली तरी अनेकदा डिस्क पुन्हा दिसू लागते. तरी केबल बदलाच. नवी केबल स्वस्त असते.

'रन एफएससीके मॅन्युअली' (एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) असं असेल तर त्याच ओळीत पार्टिशनचं नाव असतं, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए२. मग आज्ञा अशी: 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२'. नाव तुमच्या पडद्यावर असेल तेच घाला. '-वाय' म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला 'हो'. तो नसेल तर शेकडो वेळा वाय दाबत बसावं लागतं. मधे लाईट गेली तर मूळ दुखण्यात भर पडेल, म्हणून हे काम इन्व्हर्टरवर किंवा वीज स्थिर असताना करा. शेवटी 'फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड' आलं की तीच आज्ञा पुन्हा द्या. या वेळी 'क्लीन' आलं पाहिजे. मग 'रीबूट'.

मात्र तुमच्याकडे नोंदीची दुसरी प्रत नाही, म्हणून तुम्ही क्रम उलटा ठेवा. आधी मिंटच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा (इन्स्टॉल करू नका, नुसता सुरू करा), फाइल मॅनेजरमधून डिस्क उघडा आणि बुकिंगची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. एफएससीके फाइल सिस्टिमची मांडणी सुसंगत करतं, तुमचा मजकूर वाचवणं हे त्याचं काम नाही. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते 'लॉस्ट+फाउंड' फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने जातात. डिस्क उघडलीच नाही तर मात्र एफएससीकेशिवाय गत्यंतर नाही.

त्याच पेनड्राइव्हवरच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याव्यतिरिक्त काही असेल तर डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीत. अशा डिस्कवर एफएससीके चालवण्याआधी डेटा काढलाच पाहिजे आणि डिस्क बदलण्याची तयारी ठेवावी. 'यूडीएमए सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक असते आणि दोष केबलचा असतो. हा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही, म्हणून तो लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का ते बघा.

एका डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे पुरतो. तो काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, मशीन नीट बंद करण्यापुरता आहे. लाईट गेली की लगेच बंद करा, 'येईल आता' म्हणत बसू नका.

प्रश्न: आंब्याच्या बिलांचा संगणक रोज सकाळी २०२४ मधली तारीख दाखवतो. बायोसमध्ये तर २०१२ दिसतं. वैतागून घड्याळ हाताने लावायला लागलो, तर आता ब्राउझर कधी कधी 'सर्टिफिकेट अवैध' म्हणतो. व्हायरस आहे का? — देवगड

उत्तर: नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. मशीन बंद असताना घड्याळ त्याच ३ व्होल्टवर चालतं. सेल गेला की घड्याळ बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) ठरवून दिलेल्या तारखेवर पडतं. तुमच्याकडे ती २०१२ मधली. सिस्टिमडी (लिनक्सची बाकी सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतः तयार झालं त्या सुमाराच्या मागची तारीख मानत नाही, म्हणून आत आल्यावर २०२४ दिसतं. आणि आज दिलेलं सर्टिफिकेट २०२४ मध्ये 'अजून लागूच झालेलं नाही', म्हणून ब्राउझर अडतो. घड्याळ लावायला विसरलात की तो दिवस गेला.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, जुना सेल क्लिप बाजूला करून काढा. नवा बसवताना अधिकची बाजू वर. सॉकेटवर हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, नाहीतर नवा सेलही लवकर दगा देईल. नंतर बायोसमध्ये तारीख लावा आणि बूटची पद्धत, यूईएफआय की लेगसी, पूर्वीसारखीच आहे ना ते तपासा. ती बदलली असेल तर 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश येतो आणि डिस्क गेली असं वाटून माणूस उगाच घाबरतो.

आता हाताने वेळ लावणं बंद. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' द्या. इंटरनेट मिळालं की वेळ आपोआप जुळेल.

इतर वाचकांसाठी: फरक वर्षांचा नसून नेमका साडेपाच तासांचा असेल आणि मशीनवर विंडोजही असेल, तर सेलला हात लावू नका. लिनक्स हार्डवेअर घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं. विंडोज नसेल तर ही आज्ञा देऊ नका.

प्रश्न: झेरॉक्सच्या दुकानात एचपीचा लेसरजेट १०२० प्रिंटर आहे. उबंटूची नवी आवृत्ती टाकल्यापासून प्रिंट दिली की रांगेतून जाते, कागद मात्र हलत नाही. पूर्वी लाईट गेली-आली तरी काही होत नसे. — सावंतवाडी

उत्तर: या प्रिंटरमध्ये त्याचं फर्मवेअर (त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम) कायमचं साठवलेलं नसतं. प्रत्येक वेळी तो चालू झाला की संगणकाने ते त्याच्याकडे पाठवायचं, अशी त्याची रचनाच आहे. लिनक्सवर हे काम एचपीएलआयपी (एचपीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर) आणि त्याचं वेगळं उतरवावं लागणारं प्लगइन करतं. प्लगइनची आणि एचपीएलआयपीची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते. सिस्टिम वर गेली तेव्हा एचपीएलआयपी नवं झालं, प्लगइन जुनंच राहिलं.

इंटरनेट चालू ठेवून 'एचपी-प्लगइन -आय' द्या, विचारेल त्याला होकार द्या, प्रिंटर बंद करून चालू करा. तरी हलला नाही तर प्रिंटर यादीतून काढून टाका आणि 'एचपी-सेटअप -आय'ने परत जोडा. प्रिंटरची केबल थेट संगणकाला लावा, हबमधून नको. आणि हे सगळं जमूनही कागद दोन-दोन ओढले जात असतील, तर ड्रायव्हर शोधू नका: रिम पावसाळ्यात उघडी ठेवलीय. लागतील तेवढे कागद काढा, बाकीचे प्लास्टिकच्या पिशवीत.

प्रश्न: वाचनालयाच्या जुन्या याद्या विंडोजवर 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. लिब्रेऑफिसमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हं दिसतात. शिवाय 'दऱ्या' मधला र कसा काढायचा? — अलिबाग

उत्तर: फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरवून दिलेल्या सर्वमान्य क्रमांकांत) नाही, एवढंच. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या संगणकातून फॉन्टची टीटीएफ फाइल आणा, तिच्यावर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा, लिब्रेऑफिस बंद करून उघडा. यादी वाचता येईल. पण त्यात पुस्तकाचं नाव मराठीत शोधता येणार नाही आणि दुसऱ्याला पाठवली की तीच रड. म्हणून कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मूळ फाइल मात्र फेकू नका. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी आणि आकडे यांवर डोळा ठेवा. चुका तिथेच होतात.

टायपिंगसाठी आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्रॅम) आणि 'आयबस-एम१७एन' बसवा, मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडा, लॉगआउट करून परत या. 'ऱ्या'साठी शिफ्ट धरून जे, मग डी (हलन्त), मग स्लॅशची की (य), मग ई (काना). नुसता जे दाबलात तर 'र्या' होतो, 'दर्या'. बरेच जण इथेच अडतात, यात टायपिस्टचा दोष नाही.

प्रश्न: वायफाय नाही, फोनच्या रोजच्या डेटावर भागवतो. एक अपडेट केलं की दिवसाचा डेटा संपतो आणि अपडेटही अर्धवट. करायचंच सोडून देऊ? — दापोली

उत्तर: सोडू नका, वाटून घ्या. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग वापरा, ड्रायव्हर लागत नाही आणि फोन चार्जही होतो. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये सुरक्षा अपडेट तेवढे निवडता येतात, ते आधी. प्रत्येकाचा आकारही तिथे बघता येतो. 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज शेकडो एमबींचं असतं, ते डेटा हाताशी असेल त्या दिवशी. मोठ्या अपडेटसाठी 'सुडो एपीटी अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' द्या. यात फाइली फक्त उतरतात, बसत नाहीत, म्हणून मधेच कंट्रोल-सी दाबलं तरी सिस्टिमला धक्का नाही. दुसऱ्या दिवशी तीच आज्ञा दिली की पूर्ण उतरलेली पॅकेजं परत मागवली जात नाहीत आणि अर्धवट राहिलेलं सहसा जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. सगळं आलं की 'सुडो एपीटी अपग्रेड', आणि बसून झाल्यावर 'सुडो एपीटी क्लीन'. हा क्लीन आधी दिलात तर उतरवलेलं सगळं पुसलं जाईल.