रूम टेंपरेचर 20 अंश धरायचं की 25?

औषधाच्या खोक्यावर आणि प्रयोगाच्या कृतीत 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं, ते नेमकं किती, असं तुम्ही विचारलंय. ते कामावर ठरतं. लांबी-रुंदी मोजायची तर 20. आयएसओ 1 हे मानकच त्यासाठी आहे. पिपेटवर आणि मोजफ्लास्कवरही बहुतेक 20 छापलेलं असतं. रसायनशास्त्राच्या कोष्टकांतले आकडे मात्र सहसा 25 अंशांचे, म्हणजे 298.15 केल्विनचे. औषधांसाठी अमेरिकी फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचा मानक-ग्रंथ) 20 ते 25 सांगते आणि अधूनमधून 15 ते 30 पर्यंत गेलेलं चालवून घेते. युरोपीय फार्माकोपिया 15 ते 25 म्हणते.

माझा खरा राग प्रयोगवहीत रूम टेंपरेचरसाठी नुसतं 'आरटी' लिहिण्यावर आहे. ट्रिस बफरच घ्या, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) स्थिर ठेवायला प्रयोगात वापरतात ते द्रावण. त्याचा पीएच दर अंशाला साधारण 0.028 ने उतरतो. 25 ला 8.0 करून ठेवलेला बफर 4 अंशांच्या शीतकक्षात 8.6 च्या आसपास जातो आणि 37 ला 7.7 च्या खाली येतो. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालताना द्रावण तापतं. ते कोमट असतानाच पीएच जुळवला की निवल्यावर तो वर सरकतो, आणि पुढचा माणूस एन्झाइमला दोष देतो.

यावर हमखास मिळणारं उत्तर: 'आमच्या पीएच मीटरला एटीसी (आपोआप तापमान-भरपाई) आहे.' हे साफ चूक आहे. एटीसी फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, म्हणजे एका पीएचमागे 25 ला 59.16 मिलिव्होल्ट, 20 ला 58.17. द्रावणाचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, त्याला ती हात लावत नाही. म्हणून आधी पाणी ठरलेल्या आकारमानापेक्षा थोडं कमी घ्या, आम्लाचा बराचसा भाग घाला, द्रावण निवू द्या, थर्मामीटर द्रावणात बुडवून आकडा बघा, मग शेवटचे थेंब घाला आणि आकारमान पूर्ण करा. वहीत 'पीएच 8.0, 25 अंशांना' असं लिहा.

एसीवरचा आकडाही पुरावा म्हणून मला दाखवू नका. तो सेन्सरजवळच्या हवेचा. फ्रिजमधून काढलेली लिटरभर बाटली टेबलावर ठेवली तर तासाभरात खोलीइतकी होत नाही. घाई असेल तर 25 च्या वॉटर बाथमध्ये ठेवून अधूनमधून हलवा. धातूचंही तसंच. मीटरभर पोलादी पट्टी 10 अंशांनी सुमारे 0.12 मिमी वाढते, ॲल्युमिनियमची जवळपास दुप्पट. घडवलेला भाग यंत्रावरून उतरवल्या उतरवल्या, तो गरम असतानाच, मायक्रोमीटर लावून मोजू नये.

आता हेही सांगायला हवं: फॉस्फेट बफरचा पीएच दर अंशाला जेमतेम 0.003 ने हलतो, तिथे 20 की 25 यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. आणि औषधाच्या बाबतीत वर दिलेल्या व्याख्यांपेक्षा खोक्यावर छापलेला आकडाच पाळा.