तुर्की लग्नाआधीची मेंदीची रात्र आता नुसता फोटोंचा कार्यक्रम झाली आहे का?

नाही. असं म्हणणारे बहुतेक जण रील बघून बोलतात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

बर्लिनमध्ये आमच्या शेजारी मूळचं सिवासकडचं तुर्की कुटुंब आहे. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९६१ च्या कामगार भरती करारानंतर आजोबा इथे आले, ते इथलेच झाले. त्यांच्या नातीच्या ‘कना गेजेसी’ला, म्हणजे याच मेंदीच्या रात्रीला, मी कोन घेऊन गेले होते. पाहुण्यांच्या हातांवर भारतीय नक्षी हवी होती.

दिखावा आहे, भरपूर आहे. पूर्वी हा प्रकार नवरीच्या घरी, बायकाबायकांत व्हायचा. आता हॉल, सिंहासनासारखी खुर्ची, भाड्याने आणलेला जरीकामाचा मखमली झगा, म्हणजे ‘बिंदाल्ली’, माइकवरून सूचना देणारी आयोजक बाई, आणि शेवटी नवरदेव मित्रांसकट नाचायला हजर. लांबच्या गावी दिलेल्या लेकीचं गाणं लावून नवरीला रडवायची रीत आहे. इथे सासर त्याच शहरात, मुलगी नोकरी करणारी. ती हसत होती. हसू दे की!

लाल ओढणीखाली ती मूठ मिटून बसली. सासूने सोन्याचं नाणं पुढे केल्याशिवाय नवरी मूठ उघडत नाही. फोटो हुकला म्हणून आयोजक बाईने तिला मूठ पुन्हा मिटायला लावली, ते मात्र मला अजिबात आवडलं नाही.

खरा बदल पुढे दिसला. मेंदी भिजवायला आणि लावायला जिचा संसार सुखाचा, नवरा हयात, अशी बाई लागते. आपल्याकडे सवाष्ण लागते तसंच. नवरीने हाक मारली ती आत्याला. आत्या विधवा, मागे सुकामेवा वाटत होती. ती ‘नको, नको’ म्हणत राहिली. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, तर आजीनेच तिला गप्प केलं आणि मेंदीचं ताट आत्याच्या हातात दिलं. तळव्यावर नक्षीबिक्षी नाही. मधोमध मेंदीचा गोळा, त्यात नाणं दाबलेलं, वरून लाल कापड. मी कोन पुढे केला तर आजीने मानेनेच नाही म्हटलं, आणि बरोबरच केलं.

माझ्या हळदीला माझी आई आत चहा गाळत होती. बाबा नुकतेच गेले होते. हळकुंडं तिनेच दळून आणलेली, पण काका म्हणाले, ‘सवाष्णीच लावतात.’ तेच काका हल्ली तावातावाने सांगतात की इव्हेंटवाल्यांनी संस्कृती बुडवली. त्यांच्या मुलाच्या लग्नात मेंदी झाली, संगीत झालं. आपल्याकडे विधी हळदीचा. ही दोन्ही हौस म्हणून नंतर आली. ती चालली, आणि सख्ख्या आईचा हात चालला नाही?

तुर्कस्तानात सगळीकडे असंच आहे, असं समजू नका. मी पाहिलेली कुटुंबं शहरातली. धार्मिक घरांत अजूनही फक्त बायका असतात, आणि दर प्रांताची रीत वेगळी. कुर्बानीचा मेंढा, सैन्यात जाणारा मुलगा आणि नवरी या तिघांना मेंदी लागते, असं जुनी माणसं सांगतात. तिघंही वाहिलेली, हा त्यामागचा भाव. काही तरुणींना नेमका तोच खटकतो. त्यांनी हा विधी गाळला तर त्यांना नावं ठेवू नयेत.

आमच्याकडे पुढचं लग्न भाचीचं आहे. पहिली हळद तिची आजी, म्हणजे माझी आई, लावणार, हे मी आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलंय. काकांना पटत नसेल तर त्यांनी थेट अक्षतांना यावं.