‘खालची लीग तरी मिळेल ना?’

नमस्कार. कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलंय, जुलैत पुण्याहून ब्रॅम्प्टनला निघताय, मुलगा अकरा वर्षांचा, रोलर स्केटिंगमध्ये राज्य पातळीवरची पदकं. त्याला आइस हॉकीत घातलं तर ‘एनएचएल (तिथली सगळ्यात वरची लीग) नाही, पण खालच्या एखाद्या लीगमध्ये फॉरवर्ड म्हणून तरी लागेल का’ असं तुम्ही विचारलंय. आम्ही आठ वर्षं ब्रॅम्प्टनशेजारच्या मिसिसॉगात काढली, लेक तिथेच खेळला. 2019 पासून अमेरिकेत टोलेडोला आहोत, इथे ईसीएचएलचा, म्हणजे तिसऱ्या पायरीवरच्या व्यावसायिक लीगचा, संघ आहे. म्हणून लिहितेय.

आधी तो ‘तरी’ काढून टाका. वर एनएचएल, 32 संघ. तिच्याखाली एएचएल, तेही 32. त्याखाली ईसीएचएल. पीओ नाही जमलं तर क्लार्कची परीक्षा देऊ, हा हिशोब इथे चालत नाही. तिसऱ्या पायरीवरचा पोरगाही लहानपणी आपल्या गावातला सगळ्यात भारी खेळाडू असतो.

आमच्या इमारतीत काही खेळाडूंना संघाने घरं दिली होती. शेजारी सत्तावीस वर्षांचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या बाजूचा फॉरवर्ड. गॅलरीत त्याचे हॉकीचे ग्लोव्हज उलटे टांगलेले असायचे, आणि त्या वासाने आपली तुळस जगायची नाही याची सासूबाईंना खात्री होती. (जगली.) पगार आठवड्याचा, काहीशे डॉलर, तोही ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात तो काकाबरोबर घरांची छपरं घालायला जायचा. हंगामात 72 सामने. कित्येकदा शुक्र, शनि, रवि सलग तीन, आणि मधली झोप बसमध्ये.

एका बुधवारी आमच्याकडे जेवायला बसला होता. वरणभात अर्धा झाला आणि फोन आला: ग्रँड रॅपिड्सला, म्हणजे एएचएलला बोलावलंय, उद्या सकाळी सराव. तीन तासांचा रस्ता. ताट तसंच ठेवून निघाला. तिथे तीन सामने खेळला, शेवटच्या, चौथ्या फळीत, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. मग वरचा जखमी खेळाडू बरा झाला आणि हा तीच बॅग घेऊन परत. एएचएलचा पूर्ण करार मिळाला तर वर्षाला साधारण पन्नास हजार डॉलरपासून पुढे. एनएचएलचा किमान पगार 2025-26 साठी 7,75,000. मधे जिनाच नाही, थेट गच्ची.

आणि एक नियम, जो कुठल्याच पालकाला आधी माहीत नसतो. हंगाम सुरू होताना ज्याचे 260 व्यावसायिक सामने झालेत तो ‘व्हेटरन’, आणि ईसीएचएलच्या संघात असे चारच चालतात (गोलकीपर सोडून). एएचएलमध्येही अनुभवी खेळाडूंवर मर्यादा आहे, कारण ती लीग वरच्या संघांची पोरं तयार करायला आहे. आमच्या शेजाऱ्याचे हंगामाअखेर 251 झाले. गडी खूश! अजून एक वर्ष ‘नवा’ म्हणून धरतील. अनुभव कमी पडला म्हणून आनंद झालेला माणूस मी तेवढाच पाहिला. पुढे बरेच जण युरोपात जातात. ब्रिटनच्या लीगमध्ये खेळता खेळता एमबीए उरकणारेही आहेत.

व्हिसाचंही लक्षात घ्या. कॅनडातून अमेरिकेच्या संघात जायचं तर पी-1 हा खेळाडूंचा व्हिसा लागतो आणि तो संघामार्फत मिळतो. संघाने सोडलं की तिथे राहण्याचा आधारही गेला.

आपल्याकडच्यांना जमतच नाही असं नाही. कॅनडातल्या सरेचा अर्शदीप बैंस 2021-22 मध्ये डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा (गोल आणि असिस्ट मिळून) मानकरी होता, तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कोणी घेतलं नव्हतं. एनएचएलच्या व्हँकूवर संघाने नंतर करार दिला. एएचएलमधून वर जाऊन 2024 मध्ये तो एनएचएल खेळला, आणि 2025 मध्ये व्हँकूवरच्या एएचएल संघाबरोबर, ॲबट्सफर्डबरोबर, काल्डर कप म्हणजे एएचएलचं विजेतेपद जिंकला. तेव्हा प्रशिक्षक होता मॅनी मल्होत्रा. यानी गूर्द (हा आपल्याकडचा नव्हे) तर ईसीएचएलमधून चढला आणि एनएचएलचे दोन स्टॅनले कप घेऊन बसला. पण ही नावं आपल्याला पाठ होतात यातच काय ते आलं.

आता तुमचा मुलगा. ओएचएलची, म्हणजे ओंटारिओकडच्या ज्युनियर लीगची, निवड सोळाव्या वर्षी होते, म्हणजे त्याच्याकडे जेमतेम चार-पाच वर्षं. बरोबरीची पोरं चौथ्या-पाचव्या वर्षापासून बर्फावर आहेत. रोलरचा तोल आणि पायातली ताकद कामाला येईल, थांबणं मात्र नव्याने शिकावं लागेल. माझा लेक पहिल्या दिवशी सुसाट गेला आणि सरळ रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आदळला. बर्फाच्या पात्याला आतली-बाहेरची अशा दोन धारा असतात, ते आडवं घासून थांबायचं असतं.

पहिलं वर्ष हाउस लीगच, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली स्थानिक लीगच घ्या. एएए, म्हणजे मुलांच्या सर्वात वरच्या दर्जाच्या निवडक संघाचा खर्च प्रवास आणि खासगी कोचिंग धरून वर्षाला सहज पाच आकड्यांत जातो, आणि नव्या देशात पहिल्या वर्षी भाडं, गाडी, विमा यातच जीव मेटाकुटीला येतो. दोन हिवाळ्यांनंतर त्याला स्वतःला पहाटे साडेपाचला उठावंसं वाटतंय का ते बघा. शाळा सोडू नका. ऑगस्ट 2025 पासून ओएचएल खेळलेल्यांनाही अमेरिकी कॉलेज हॉकीच्या सर्वात वरच्या विभागात (डिव्हिजन वन) खेळता येतं. पूर्वी तो रस्ता बंद होता. माझ्या मते तोच धरावा.

सामानाचं: रोलर स्केट्स आणा, उन्हाळ्यात गल्लीत पोरं हॉकी खेळतात, ओळखी तिथेच होतील. हेल्मेट मात्र पुण्यातून घेऊ नका, सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का नसेल तर बर्फावर पाऊल ठेवू देत नाहीत. बाकी सगळं वापरलेलं मिळतं. आणि हाउस लीगची नोंदणी आल्या आल्या करा, सप्टेंबरपर्यंत जागा भरतात.